दीर्घ केंद्रांतराची दुर्बीण आणि घरची वेधशाळा

लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथे राहणारे अँड्र्यू एन्स्ली कॉमन हे व्यवसायाने अभियंते होते. आपल्या घराच्या बागेत त्यांनी ३६ इंच व्यासाच्या आरशाची परावर्ती दुर्बीण उभारली आणि १८८३ साली मृग नक्षत्रातील तेजोमेघाची छायाचित्रे तिच्यातून घेतली. काही चित्रांचे उद्भासन, म्हणजे काच प्रकाशासमोर उघडी ठेवण्याचा काल, एक तासापर्यंत होते. डोळ्याला दिसू न शकणारे अंधुक तारे त्या काचांवर उमटलेले आढळले. त्यापूर्वी तीन वर्षे, ३० सप्टेंबर १८८० रोजी, हेन्री ड्रेपर यांनी न्यूयॉर्कनजीक हडसन नदीच्या काठी असलेल्या आपल्या खाजगी वेधशाळेतून याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र ५१ मिनिटांच्या उद्भासनाने मिळविले होते. १८८८ मध्ये लिव्हरपूलजवळच्या मॅगहल येथील घरी आयझॅक रॉबर्ट्स यांनी २० इंची परावर्ती दुर्बिणीतून देवयानीतील तेजोमेघाची सर्पिल रचना प्रथम दाखविली. रॉबर्ट्स इमारत-बांधणीच्या धंद्यात होते. आपल्या चित्रात जन्मास येणारी एक सूर्यमाला दिसते असे त्यांनी मानले. तो अर्थ चुकला, चित्र मात्र टिकले. तात्पर्य, दूरच्या आकाशाचे छायाचित्रण सरकारी वेधशाळांत नव्हे, तर घरांच्या अंगणात जन्मास आले.

रॉबर्ट्स यांच्या दुर्बिणीइतक्याच व्यासाची, ग्रब यांच्याच कारखान्यातील एक दुर्बीण त्या काळात पुण्यासही आली होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून विज्ञान महाविद्यालयात उभारलेल्या वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगामवाला यांनी तिचा उपयोग मुख्यतः वर्णपटाच्या अभ्यासासाठी केला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाल्यावर ती कोडाईकनालला हलविण्यात आली. कॉमन यांची दुर्बीणही त्यांच्या बागेत राहिली नाही. एडवर्ड क्रॉसली यांच्या हातून ती १८९५ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेकडे, डोंगरमाथ्यावर, गेली आणि तेथे जेम्स कीलर यांनी तिच्यातून सर्पिल तेजोमेघांची अपूर्व छायाचित्रे घेतली. मोठ्या दुर्बिणींनी शहरे सोडून पर्वत गाठावेत, हा पुढील काळाचा नियमच झाला. अलीकडे हे छायाचित्रण पुन्हा घराच्या गच्चीवर परतले आहे ते इलेक्ट्रॉनिक प्रकाशग्राहकामुळे. शहराच्या उजळ आकाशाखाली दीर्घ केंद्रांतराच्या दुर्बिणीने खरोखर काय साधते व काय साधत नाही, याचा हिशेब करून पाहणे त्यामुळे आवश्यक झाले आहे.

प्रथम एक भ्रम दूर करावयास हवा. आरसा किंवा भिंग यांपासून प्रतिमा जेथे उमटते तेथपर्यंतचे अंतर म्हणजे केंद्रांतर. ते वाढविल्याने दुर्बिणीत येणारा प्रकाश वाढत नाही. तो केवळ व्यासावर अवलंबून असतो. केंद्रांतर वाढले की तोच प्रकाश अधिक क्षेत्रावर पसरतो, इतकेच. विक्रीसाठी केलेल्या वर्णनांत विवर्धनावर जो भर असतो तो या दृष्टीने निरर्थक होय. उदाहरणासाठी घरगुती निरीक्षकांत विशेष प्रचलित असलेली २०३ मिलिमीटर, म्हणजे ८ इंच, व्यासाची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण घेऊ. तिचे केंद्रांतर २०३२ मिलिमीटर असते. तिच्या मागे ३.७६ मायक्रॉन बाजूचे पिक्सेल असलेला, सुमारे २३.५ गुणिले १५.७ मिलिमीटर आकाराचा प्रकाशग्राहक बसविला, तर आकाशाचा सुमारे ४० कला लांब व २७ कला रुंद एवढा तुकडा चित्रात येतो आणि एका पिक्सेलच्या वाट्याला ०.३८ विकला येते. म्हणजे पूर्ण चंद्रही एका दिशेने या चौकटीत मावत नाही.

०.३८ विकला हा आकडा ऐकावयास आकर्षक आहे. २०३ मिलिमीटर व्यासाची दुर्बीण सिद्धांततः सुमारे ०.६ विकला अंतरावरील दोन तारे वेगळे दाखवू शकते, तेव्हा हे प्रमाण योग्यच वाटेल. परंतु दुर्बीण व आकाश यांच्यामध्ये हवा आहे. भिन्न तपमानाच्या थरांच्या हालचालीमुळे ताऱ्याचा बिंदू पसरून, सामान्य वस्तीच्या ठिकाणी, २ ते ४ विकला रुंदीचा ठिपका होतो. ३ विकलांच्या ठिपक्याचे ०.३८ विकलांच्या चौकटींनी मोजमाप करणे म्हणजे जाड्याभरड्या कापडाची लांबी सूक्ष्मदर्शकाने मोजण्यासारखे आहे. ठिपक्याच्या रुंदीत दोन ते तीन पिक्सेल पडले की त्यातील सर्व माहिती हाती येते. अधिक पिक्सेलांनी नवे काही मिळत नाही. म्हणून तीन गुणिले तीन असे नऊ पिक्सेल मिळून एक मानला, तर प्रमाण १.१५ विकला होते व ते अशा हवेस साजेसे ठरते. हा ठिपका लहान करण्याचे काही उपाय निरीक्षकाच्या हाती असतात. क्षितिजापासून ३० अंश उंचीवर पाहताना माथ्याच्या तुलनेने दुप्पट हवा ओलांडावी लागते आणि ठिपका सुमारे दीडपट रुंदावतो. यास्तव ज्योती मध्यमंडलावर येईपर्यंत थांबावे. दिवसभर तापलेली काँक्रिटची गच्ची मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडीत असते. शेजारच्या इमारतीचे वातानुकूलन यंत्र दुर्बिणीच्या रोखाने ऊन हवा सोडीत असेल, तर उत्तमातले उत्तम भिंगही व्यर्थ आहे.

हवेनंतर गतीचा प्रश्न येतो, आणि दीर्घ केंद्रांतराच्या बाबतीत खरी परीक्षा येथेच होते. आकाश दर सेकंदास सुमारे १५ विकला सरकते. विषुववृत्तीय बैठकीवरील दुर्बीण याच वेगाने उलट दिशेने नव्हे, तर आकाशाबरोबर फिरविली पाहिजे. २०३२ मिलिमीटर केंद्रांतराला १ विकला म्हणजे प्रतिमेच्या जागी सुमारे १० मायक्रॉन. पण जेथे ही गती निर्माण होते तेथील अंतरे याहून कितीतरी सूक्ष्म आहेत. बैठकीतील दातेरी चक्राची त्रिज्या ५ सेंटिमीटर असेल, तर त्याच्या कडेवर १ विकला म्हणजे केवळ ०.२४ मायक्रॉन, अर्थात दृश्य प्रकाशाच्या अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास. दुर्बिणीचा आरसा प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अंशापर्यंत अचूक घासावा लागतो, हे सर्वांस ठाऊक असते. बैठकीच्या पोलादी व पितळी भागांकडून जवळजवळ तीच अपेक्षा केली जाते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. बाजारात मिळणाऱ्या बैठकी ती पुरी करू शकत नाहीत, यात आश्चर्य नाही.

चक्रास फिरविणारा मळसूत्री दंड किंचितही वाकडा वा केंद्रच्युत असला, की दुर्बीण कधी आकाशाच्या पुढे जाते, कधी मागे पडते. चक्रास १८० दाते असतील तर दंडाचा एक फेरा ४७९ सेकंदांत, म्हणजे सुमारे आठ मिनिटांत, पुरा होतो व तोच दोष दर फेऱ्यास पुन्हा येतो. या आवर्ती दोषाची मर्यादा मध्यापासून दोन्ही बाजूंस १० विकला धरली (मध्यम किमतीच्या बैठकीत ती अशी असणे मुळीच असाधारण नव्हे), तर पाच मिनिटांच्या उद्भासनात तारा जवळजवळ २० विकला लांबीची रेघ होऊ शकतो. ४०० मिलिमीटर केंद्रांतराच्या लहान दुर्बिणीवर हीच रेघ सुमारे दहा पिक्सेलांत संपली असती. येथे ती पन्नास पिक्सेल व्यापते. विस्तार प्रतिमेचा वाढतो तसा दोषाचाही वाढतो, आणि दोषास विस्ताराची किंमत द्यावी लागत नाही.

याशिवाय बैठकीचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे नेमका रोखलेला असावा लागतो. त्यात ५ कलांची चूक राहिली तर तारा प्रतिकूल स्थितीत दर मिनिटास १.३ विकला वाहतो. महाराष्ट्रात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंश वर असतो. शहरात तो धुरक्यात किंवा समोरच्या इमारतीआड जातो. अशा वेळी मध्यमंडलावरील व पूर्व वा पश्चिम क्षितिजाजवळील ताऱ्यांचे वाहणे पाहून अक्ष हळूहळू सुधारण्याची जुनी रीत वापरावी लागते. ती कंटाळवाणी आहे, परंतु खात्रीची आहे.

कॉमन व रॉबर्ट्स यांच्या काळी निरीक्षक तासन्‌तास एका ताऱ्यावर डोळा ठेवून हाताने गती सुधारीत असे. आता हे काम एक दुसरा छोटा प्रकाशग्राहक व संगणक करतात. मार्गदर्शक ताऱ्याची जागा दर काही सेकंदांनी मोजली जाते आणि बैठकीस दुरुस्ती पाठविली जाते. ही दुरुस्ती फार जलद करणेही घातक आहे, कारण एका सेकंदाच्या मोजणीत तारा हलला असे जे दिसते ते पुष्कळदा हवेचे कंपन असते आणि त्यामागे धावणारी बैठक स्वतःच चित्र बिघडविते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. मार्गदर्शनासाठी मुख्य नळीवर वेगळी लहान दुर्बीण बांधली, तर दोन्ही नळ्या स्वतःच्या वजनाने वेगवेगळ्या वाकतात. तिला धरणाऱ्या, २० सेंटिमीटर अंतरावरील दोन कड्यांपैकी एक कडे १ मायक्रॉनने खचले की १ विकलेची चूक झाली. श्मिट-कॅसेग्रेन दुर्बिणीत तर केंद्रण साधण्यासाठी मुख्य आरसाच पुढेमागे सरकतो आणि दुर्बिणीचा कल बदलताच तो थोडा ढळतो; वेगळ्या नळीस याचा पत्ताही लागत नाही. संगणक मार्गदर्शन निर्दोष असल्याचे सांगतो आणि चित्रातील तारे लांबट येतात! म्हणून दीर्घ केंद्रांतरावर मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातून, चित्राच्या कडेबाहेरील एखादा तारा लहान लोलकाने बाजूस वळवून, त्यावर मार्गदर्शन करणे श्रेयस्कर ठरते.

आतापर्यंतचा हिशेब दीर्घ केंद्रांतरास प्रतिकूल दिसतो. आकाशाच्या उजेडाचा विचार केला की तो एका बाजूने अधिक प्रतिकूल होतो व दुसऱ्या बाजूने, काहीशा अनपेक्षित रीतीने, सुकर होतो.

उत्तम काळोखाच्या ठिकाणी आकाशाची स्वतःची दीप्ती प्रतिचौरस विकलेस २१.५ व्या प्रतीच्या ताऱ्याइतकी असते. मोठ्या शहरात ती १८ व्या प्रतीपर्यंत चढते. हा साडेतीन प्रतींचा फरक म्हणजे २५ पट उजेड. दीर्घिकेच्या बाहेरील भुजांची दीप्ती २२.५ व्या प्रतीची असेल, तर शहरात ती पार्श्वभूमीच्या साठाव्या भागाइतकीच भरते. पार्श्वभूमी नंतर वजा करता येते, परंतु तिच्यातील चढउतार वजा करता येत नाहीत. फोटॉन यादृच्छिक क्रमाने येतात; १०,००० अपेक्षित असता प्रत्यक्षात शंभराच्या मानाने कमीअधिक येतात. संकेत व चढउतार यांचे गुणोत्तर त्यामुळे एकूण कालाच्या वर्गमुळाने वाढते, आणि अशा अंधुक, पसरट ज्योतीसाठी काळोख्या रानातील एका तासाची बरोबरी करण्यास शहरात २५ तास लागतात. यास कोणतीही पळवाट नाही.

मात्र एकूण काल आणि प्रत्येक उद्भासनाचा काल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत जुन्या काचांच्या काळापासून चालत आली आहे. काचेवर एकच दीर्घ उद्भासन घेणे भाग होते. इलेक्ट्रॉनिक ग्राहकावर अनेक लहान उद्भासने घेऊन त्यांची बेरीज करता येते. बेरजेत तोटा एकच होतो: प्रत्येक वेळी ग्राहक वाचताना होणारी लहानशी अनिश्चितता, तिला वाचनक्षोभ म्हणू, दर चित्रागणिक नव्याने मिळविली जाते. आकाशाच्या उजेडाने पिक्सेलमध्ये जमलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाचनक्षोभाच्या वर्गाच्या दहापट झाली, की हा तोटा एकूण क्षोभाच्या सुमारे पाच टक्केच उरतो. पूर्वीच्या सीसीडी ग्राहकांचा वाचनक्षोभ ९ इलेक्ट्रॉनांच्या आसपास धरला, तर ८१० इलेक्ट्रॉन जमेपर्यंत थांबणे आले. सध्याच्या सीमॉस ग्राहकांत तो सुमारे १.५ असतो, तेथे २३ इलेक्ट्रॉन पुरतात.

वर घेतलेल्या दुर्बिणीस १८ व्या प्रतीच्या शहरी आकाशाखाली, रंगाची गाळणी न लावता, प्रत्येक पिक्सेलमध्ये सेकंदास स्थूलमानाने ४ इलेक्ट्रॉन मिळतात. म्हणजे जुन्या ग्राहकास जेथे तीन मिनिटांहून अधिक उद्भासन आवश्यक होते, तेथे नव्यास सहा-सात सेकंद पुरे होतात. १० सेकंदांचे उद्भासन घेतले तर ते सर्वस्वी निर्धोक होय. आता मळसूत्री दंडाकडे पुन्हा पाहावे. १० विकलांच्या आवर्ती दोषाचा अत्यंत वाईट क्षणीचा वेग सेकंदास ०.१३ विकला असतो. १० सेकंदांत तारा १.३ विकला सरकतो, आणि ३ विकलांच्या ठिपक्यात ते सरकणे बहुतांशी लपून जाते. वाऱ्याची झुळूक आली, कोणी जिना चढले, विमान गेले, तर तेवढीच दोन-चार चित्रे टाकून द्यावयाची. शिवाय हवा स्थिर असतानाची चित्रे निवडून घेण्याची सोय होते. पाच मिनिटांच्या उद्भासनात ती नव्हती. काळोख्या ठिकाणी मात्र हा लाभ मिळत नाही. तेथे आकाशाचा प्रकाश पंचविसाव्या हिश्शाने येत असल्यामुळे त्याच ग्राहकास दोन ते अडीच मिनिटे थांबावे लागते व बैठकीचे सर्व दोष पुन्हा उघडे पडतात. शहराचा उजेड एकूण तास वाढवितो आणि प्रत्येक उद्भासन तोकडे करू देतो, असा हा व्यवहार आहे. त्याची किंमत साठवणुकीत मोजावी लागते: २ कोटी ६० लाख पिक्सेलांचे एक चित्र ५२ मेगाबाइटांचे होते, आणि पाच तासांत अशी १,८०० चित्रे जमून ९४ गिगाबाइट जागा अडते.

प्रकाशगाळण्यांविषयी थोडे सांगणे जरूर आहे. हायड्रोजनच्या ६५६.३ किंवा ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटर रेषेभोवतीचा चार-पाच नॅनोमीटर रुंद पट्टाच आत सोडणारी गाळणी आकाशाचा उजेड पन्नास-साठ पटींनी कमी करते आणि तेजोमेघाचा प्रकाश जवळजवळ अबाधित ठेवते. वीणा तारकासमूहातील कंकणाकृती तेजोमेघ जेमतेम दीड कला लांब आहे. त्यासारख्या छोट्या बिंबाभ तेजोमेघांसाठी दीर्घ केंद्रांतर व अशी गाळणी यांचा मेळ शहरातही उत्तम जमतो. उद्भासने अर्थातच पुन्हा लांबतात आणि मार्गदर्शन अपरिहार्य होते. दीर्घिकांना या गाळणीचा फारसा उपयोग नाही, कारण त्यांचा बहुतेक प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व तरंगलांबींवर पसरलेला असतो. जुने सोडियमचे दिवे ५८९ नॅनोमीटरजवळच्या पिवळ्या प्रकाशापुरते मर्यादित असल्याने त्यांना अडविणे सोपे होते. रस्त्यावरील नव्या पांढऱ्या दिव्यांचा वर्णपट सलग असतो आणि दीर्घिकांच्या निरीक्षकास त्यांनी अधिक पेचात टाकले आहे.

अत्यंत पसरट वस्तूंचे क्षेत्र दीर्घ केंद्रांतराने सोडूनच द्यावे. देवयानी दीर्घिकेजवळ ऑक्सिजनच्या प्रकाशात दिसणारी सुमारे दीड अंश लांबीची एक अंधुक कमान मार्सेल ड्रेक्सलर, झाव्हिये स्ट्रोटनर व यान सँटी या हौशी निरीक्षकांच्या चित्रांतून पुढे आली व २०२३ च्या जानेवारीत तिची नोंद प्रसिद्ध झाली. एवढ्या प्रसिद्ध दीर्घिकेशेजारी ती तोपर्यंत कोणास दिसली नव्हती. ती ज्या दुर्बिणीने टिपली तिचा व्यास अवघा १० सेंटिमीटरांच्या आसपासचा व केंद्रांतर आखूड होते. ४० कलांच्या चौकटीत ती कमान एक मंदसा उतार म्हणून आली असती, आणि पार्श्वभूमी सपाट करण्याच्या संस्कारात निरीक्षकाने ती आपल्याच हाताने पुसून टाकली असती.

याउलट, लहान कोनीय विस्ताराच्या दीर्घिकेत अचानक उगवणारा बिंदू हे दीर्घ केंद्रांतराचे खास क्षेत्र होय. बिंदूचा प्रकाश पसरट ज्योतीप्रमाणे विरून जात नाही, आणि दीर्घिकेच्या भुजांतील गाठींपासून तो वेगळा ओळखू येण्यास विस्तार उपयोगी पडतो. अर्जेंटिनातील रोझारियो या मोठ्या शहरात कुलुपे-किल्ल्यांचे काम करणारे व्हिक्टर बुसो यांची वेधशाळा त्यांच्या घराच्या छतावर आहे. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री ते ४० सेंटिमीटर व्यासाच्या न्यूटनी दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासून पाहत होते. त्यासाठी त्यांनी शिल्पकार तारकासमूहातील एनजीसी ६१३ ही सर्पिल दीर्घिका निवडली. तिची क्रांती दक्षिण २९ अंश आणि रोझारियोचे अक्षांश दक्षिण ३३ अंश. म्हणजे ती जवळजवळ माथ्यावरून, कमीत कमी हवेतून जाते. शहराचे आकाश उजळ असल्यामुळे त्यांनी उद्भासने २० सेकंदांची ठेवली होती. पहिल्या संचात दीर्घिका नेहमीसारखी होती. मध्ये काही वेळ गेला आणि पुढील संचात एका भुजेच्या टोकाशी पूर्वी नसलेला एक बिंदू दिसला. तो चित्रागणिक उजळत गेला.

तो अतिदीप्त नवतारा २०१६ जीकेजी या नावाने ओळखला जातो. ताऱ्याचा गाभा कोसळल्यावर निघालेली आघाततरंगाची लाट पृष्ठभागाशी पोहोचून प्रथम प्रकाशरूपाने बाहेर फुटते, तो क्षण बुसो यांच्या चित्रांत आला होता. सिद्धांताने हा टप्पा वर्तविला होता. सामान्य स्फोटाच्या बाबतीत दृश्य प्रकाशात तो असा सापडणे केवळ योगायोगाचे, कारण स्फोट कोठे व केव्हा होईल हे कोणासच आधी ठाऊक नसते. ला प्लाता येथील मेलिना बेर्स्टेन व सहकाऱ्यांनी ही मापने प्रतिमानांशी ताडून पाहिली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत 'नेचर' नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. उद्भासन एकच व दीर्घ असते तर उजळण्याचा वेग त्यात मिसळून गेला असता. विश्लेषणात बिंदू असलेल्या चित्रांइतकेच महत्त्व पहिल्या संचातील चित्रांना आले: त्या वेळेपर्यंत त्या जागी अमुक तेजाहून अधिक काही नव्हते, ही वरची मर्यादा त्यांच्यातूनच काढावी लागली.